माणूस, माकड, वानर आणि प्रतिकारशक्तीची जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिशू टायपिंगच्या प्रयोगशाळेत माझी बारा वर्षं गेली. किडनी किंवा बोन मॅरो देणारा आणि घेणारा एकमेकांना जुळतात का, हे बघायचं काम. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक, प्रॅक्टिकलला आलेली मुलं आणि हल्ली व्याख्यान संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन अडवणारी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. गंमत म्हणजे बोलणं माणसाच्या रिपोर्टवरून सुरू होतं आणि दहा मिनिटांत माकडांवर येऊन ठेपतं. ते तसंच व्हायला हवं. ही जनुकं समजून घ्यायची तर माकडांना वगळून चालत नाही.

माकड आणि वानर एकच ना? आणि नरवानर गणात आणखी कोण येतं?

एकच नाहीत. देवळाबाहेर नारळ हिसकावणारं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसतं ते माकड. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. उत्तर भारतातलं ऱ्हिसस माकड आपल्या माकडाचं चुलत भावंड. याच गणात मादागास्करचे लेमूर, दक्षिणेतली लाजवंती (स्लेंडर लोरिस), दक्षिण अमेरिकेतले मार्मोसेट, मग गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. चिंपांझीची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. ऱ्हिससची आणि आपली अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

प्रतिकारशक्तीची जनुकं म्हणजे नेमकी कोणती?

शेकडो आहेत. पण चर्चा बहुतेक वेळा एकाच वस्तीची असते. तिला एमएचसी म्हणतात, आणि माणसातल्या एमएचसीला एचएलए. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर ही जनुकं दाटीवाटीने बसलेली आहेत. माणसातला पहिला एचएलए घटक फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये ओळखला. १९८० चं नोबेल त्यांना जॉर्ज स्नेल आणि बारुज बेनासेराफ यांच्यासोबत मिळालं.

एचएलएचं काम चुगली करण्याचं आहे. पेशीच्या आत जी जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे छोटे तुकडे हा रेणू पेशीच्या दाराबाहेर मांडून ठेवतो. गस्तीवरच्या टी पेशी येऊन ते तपासतात. घरचेच तुकडे असतील तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशी मारून टाकतात.

हे कसं दिसतं? ऊस लावलेलं रान डोळ्यांसमोर आणा. दोन बाजूंना वरंबे, मधे सरी आणि सरीत आडवी टाकलेली उसाची कांडी. एचएलए रेणूचं टोक हुबेहूब तसं असतं. पिळदार प्रथिनाचे दोन वरंबे, त्यांच्यामधे सरी आणि सरीत ८ ते १० अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिन ज्या मण्यांचं बनतं त्यांचा, तो तुकडा. १९८७ मध्ये एचएलए-ए२ ची रचना क्ष-किरणांच्या मदतीने पहिल्यांदा उलगडली, तेव्हा सरीत काहीतरी पडलेलं असल्याचंही त्या चित्रात दिसलं होतं. सरीची रुंदी-खोली बदलली की तिच्यात बसणारी कांडी बदलते. म्हणून माझा रेणू ज्या विषाणूची चुगली करू शकतो, त्याची तुमचा कदाचित करू शकणार नाही.

या जनुकांत एवढी विविधता कशाला? सगळ्यांत चांगलं एकच रूप टिकून बाकीची गळून का नाही पडली?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्याच फांद्या आहेत.

एचएलए जनुकांची आजवर ४० हजारांहून अधिक रूपं नोंदवली गेली आहेत. आपल्या जनुकसंचात इतकं वैविध्य इतर कुठेही नाही. बहुतेक जनुकांचं वागणं याच्या उलट असतं. एक रूप नीट चालतं, बिघडलेली रूपं निवडीच्या चाळणीत गळतात आणि सगळ्यांकडे जवळपास सारखाच माल उरतो. इथे मात्र चाळणीच उलटी धरल्यासारखी दिसते.

तिची खूण ऑस्टिन ह्यूज आणि मासातोशी नेई यांनी १९८८ मध्ये दाखवली. डीएनएतले काही बदल मुके असतात, म्हणजे अक्षर बदलतं पण प्रथिनातलं अमिनो आम्ल तेच राहतं. काही बदल बोलके असतात, त्यात अमिनो आम्ल बदलतं. साधारण जनुकांत मुके बदल जास्त टिकतात, कारण बोलक्या बदलाने बहुधा नुकसानच होतं. एचएलएच्या सरीत मात्र बोलके बदल जास्त निघाले. सरीबाहेर, त्याच रेणूच्या उरलेल्या भागात, गणित पुन्हा नेहमीसारखं. म्हणजे निसर्ग नेमकं सरीलाच सतत बदलायला लावत होता.

का, याची तीन कारणं सांगतात. पहिलं सोपं आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोन वेगळी रूपं असतील तर दुप्पट प्रकारचे तुकडे मांडता येतात. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी हा विचार १९७५ मध्येच मांडला होता. दुसरं कारण विषाणूच्या बाजूने बघायला हवं. विषाणू भराभर बदलतो आणि गावात जे रूप सगळ्यांत जास्त लोकांकडे, त्याला चकवायला आधी शिकतो. मग ज्याच्याकडे दुर्मीळ रूप तो वाचतो. त्याची मुलंबाळं वाढतात, ते रूप दुर्मीळ राहत नाही आणि चक्र पुन्हा फिरतं. तिसरं, रोग जागेनुसार आणि काळानुसार बदलतात. आज निरुपयोगी वाटणारं रूप शंभर पिढ्यांनी उपयोगी पडू शकतं.

या तिघांतलं कुठलं जास्त खरं, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं पारडं जड आहे, पण तिन्ही एकाच वेळी चालत असणार.

एक उदाहरण घ्या. रिपोर्टमध्ये एचएलए-बी२७ आलं की लोक घाबरतात, कारण मणका आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी त्याचं जवळचं नातं आहे. पण ज्यांच्या शरीरात एचआयव्ही वर्षानुवर्षं औषधांशिवाय दबून राहतो, अशा लोकांत हेच बी२७ आणि त्याच्या जोडीला बी५७ वारंवार सापडतं. आता हे रूप चांगलं की वाईट?

चिंपांझीचं एखादं जनुक माझ्या सख्ख्या भावापेक्षा मला जवळचं असू शकतं, हे खरं का?

खरं आहे. आणि यात चिंपांझीने किंवा भावाने मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

आपण समजतो की जात आधी तयार झाली आणि तिच्यातले फरक नंतर. एमएचसीत बऱ्याचदा उलटं झालंय. फरक आधीचे, जाती नंतरच्या. माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीच्या पूर्वजांच्या कळपात या जनुकांची अनेक रूपं होती. कळप फुटला तेव्हा दोन्ही वाटांवर ती रूपं सोबत गेली. दोन भावांनी वाटण्या केल्या, पण आजीच्या दागिन्यांतले दोन-दोन नमुने दोघांच्याही घरात गेले, असं समजा. आज माणसाचं एखादं रूप दुसऱ्या माणसाच्या रूपापेक्षा चिंपांझीच्या रूपाशी जास्त जुळतं ते यामुळे. यान क्लाइन यांनी ही कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये एचएलए-ए आणि बीच्या बाबतीत तिचे ठोस पुरावे आले.

रक्तगटाचीही हीच कथा आहे. ए आणि बी गटांतला फरक माणसात आणि गिबनमध्ये एकाच जुन्या मुळापासून आलेला आहे, म्हणजे किमान दोन कोटी वर्षांचा, असं २०१२ मधल्या अभ्यासाने दाखवलं. चिंपांझींत ए आणि ओ सापडतो, बी नाही. गोरिलांत फक्त बी. दोन कोटी वर्षं एखादा फरक नुसत्या योगायोगाने टिकत नाही. ओ गटाच्या माणसाला फॅल्सिपेरम मलेरिया गंभीर होण्याचा धोका कमी असतो, पण कॉलरा झाला तर तो जास्त जोरात होतो. देवाण-घेवाण चालू राहते आणि कोणीच कायमचं जिंकत नाही.

याच ओघात ‘बॉम्बे ग्रुप’ची आठवण हमखास निघते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत तो शोधला. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ नावाचा पायाच या लोकांत नसतो. त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. पण हे वेगळ्या जनुकाचं प्रकरण आहे. गिबनपर्यंत जाणाऱ्या त्या जुन्या फरकाशी त्याची गल्लत करू नका.

मग भावा-बहिणीचं तरी जुळतं ना?

चारात एकदा. आईच्या सहाव्या गुणसूत्रांपैकी एक आणि वडिलांच्यांपैकी एक मिळतं. ही जनुकं इतकी जवळजवळ आहेत की सगळा गठ्ठा एकत्रच येतो. म्हणून दोन भावंडांचे दोन्ही गठ्ठे सारखे असण्याची शक्यता २५ टक्के.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. चार भावंडं आली होती, धाकट्याला ल्युकेमिया. तिघांच्या नळ्या मी स्वतः लावल्या. थोरल्या भावाच्या आणि रुग्णाच्या रिपोर्टमधे ए, बी आणि डीआर या एचएलए जनुकांच्या ओळी अंकाला अंक सारख्या. मधल्या बहिणीचा अर्धा गठ्ठा जुळणारा. तिसऱ्या भावाचा एकही अंक जुळेना. रिपोर्ट बघून तो मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, “ताई, मी यांचा सख्खा नाही का?” त्याच्याच रिपोर्टवर पेनाने चार रंगांचे गठ्ठे काढून दाखवले. आईचे दोन, वडिलांचे दोन. रुग्णाला मिळाले ते नेमके सोडून उरलेले दोन याच्या वाट्याला आलेले. अगदी सख्खा. असं होण्याची शक्यताही २५ टक्केच.

माकडांची ही जनुकं आपल्यासारखीच आहेत का?

सांगाडा तोच, पण मांडणी वेगळी. माणसाकडे पहिल्या वर्गाची, म्हणजे पेशीच्या आतले तुकडे मांडणारी, एचएलए-ए, बी आणि सी अशी तीन मुख्य जनुकं. ऱ्हिससकडे सी नाहीच. त्याऐवजी ए आणि बीच्याच अनेक प्रती एकापुढे एक ठेवलेल्या, आणि प्रतींची संख्याही प्रत्येक माकडात वेगळी. आपल्याकडे तीन जनुकांची हजारो रूपं आहेत. त्यांच्याकडे रूपांसोबत जनुकांची संख्यासुद्धा हलते. एकाने कपाट तेच ठेवून साड्या वाढवल्या, दुसऱ्याने कपाटंही वाढवली.

सीची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. हे जनुक फक्त मोठ्या एपमध्ये, म्हणजे ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपल्यात आहे, आणि ओरांगउटानमध्ये तर सगळ्या गुणसूत्रांवरही नाही. म्हणजे उत्क्रांतीच्या घड्याळात नवंच. त्याचं मुख्य गिऱ्हाईक टी पेशी नाहीत. नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, त्याला ओळखतात, आणि ज्या खटक्याने ओळखतात त्याला केआयआर म्हणतात. केआयआरची जनुकं आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत. कोणाकडे किती असतील याचा नेम नाही. उंदरात हेच काम करणारे रेणू पूर्णपणे वेगळ्या घराण्यातले आहेत आणि लेमूरने तिसराच मार्ग धरलाय. एकच गरज, तीन ठिकाणी तीन उपाय.

आता हे सगळं गर्भारपणाशी येऊन भिडतं. आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात एनके पेशींची दाटी असते. तिथे वार रुजते, आणि वारेच्या पेशींवर बाळाचं सी असतं, त्यातलं निम्मं वडिलांकडचं. आईचे केआयआर आणि बाळाचं सी यांची बोलणी नीट झाली तर आईच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि बाळाला पुरेसं रक्त मिळतं. २००४ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की आईकडे केआयआरचा ‘ए-ए’ संच आणि बाळाकडे ‘सी२’ प्रकार असेल तर प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा, संभव जास्त असतो. ओरांगउटानकडे सी२ नाही, फक्त सी१. गोरिला, चिंपांझी आणि आपल्याकडे दोन्ही. प्रतिकारशक्तीची जनुकं फक्त रोगांशी लढण्यासाठी घडली, हा समज इथे पार मोडतो. जन्म घडवून आणण्याचंही काम त्यांच्याच गळ्यात पडलंय.

ऱ्हिसस माकडाला एचआयव्ही का होत नाही?

त्याच्या पेशीत ट्रिम-५-अल्फा नावाचं प्रथिन आहे. विषाणू पेशीत शिरला की हे प्रथिन त्याच्या कवचाला वेढा घालतं आणि पुढचं काम थांबवतं. हे २००४ मध्ये कळलं. हे प्रथिन आपल्याकडेही आहे, पण एचआयव्हीसमोर जवळजवळ निष्प्रभ.

दोन्हींत फरक किती? माणसाच्या ट्रिम-५-अल्फात ३३२ व्या जागेवर आर्जिनीन हे अमिनो आम्ल आहे. प्रयोगशाळेत तेवढं एक बदलून प्रोलिन बसवलं, ऱ्हिससमध्ये असतं तसं, की माणसाचंही प्रथिन एचआयव्हीला अडवायला लागतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला होता. एक अक्षर बदललं असतं तर विसाव्या शतकाचा इतिहास वेगळा असता, असं मनात आलं.

मग आपल्याकडे आर्जिनीन का? २००७ मध्ये एक मांडणी पुढे आली. चिंपांझी आणि गोरिलाच्या जनुकसंचात एका जुन्या रेट्रोव्हायरसच्या, म्हणजे एचआयव्हीच्याच घराण्यातल्या विषाणूच्या, शंभराहून अधिक प्रती चिकटलेल्या आहेत, माणसात एकही नाही. आपल्या ट्रिमने तो विषाणू अडवला असावा आणि त्या लढाईसाठी घेतलेला आकार एचआयव्हीच्या वेळी उपयोगी पडला नसावा. पुढच्याच वर्षी या मांडणीवर आक्षेप आले, त्यामुळे ती शपथेवर सांगू नका. मला ती आवडते, एवढंच.

दक्षिण अमेरिकेतल्या आउल मंकीने आणखी कमाल केलीय. उड्या मारणाऱ्या एका डीएनए-तुकड्याच्या यंत्रणेने सायक्लोफिलिन-ए या दुसऱ्या जनुकाची प्रत उचलून थेट ट्रिम-५ मध्ये आणून ठेवली. दोघांचं मिळून एक जोडप्रथिन झालं आणि ते एचआयव्हीला अडवतं. असाच अपघात आशियातल्या मकाक माकडांमध्येही झाला, स्वतंत्रपणे. लॉटरी दोन ठिकाणी लागली आणि आकडा जवळपास तोच.

एड्स माणसाला होतो, मग आफ्रिकेतल्या माकडांना का होत नाही?

एसआयव्ही हा एचआयव्हीचा पूर्वज आफ्रिकेतल्या ४० हून अधिक नरवानर जातींत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे या माकडाच्या रक्तात तो भरपूर सापडतो, पण तो प्राणी सहसा आजारी पडत नाही. त्याची प्रतिकार यंत्रणा सुरुवातीला खवळते आणि मग शांत होते. एचआयव्ही झालेल्या माणसात आणि एसआयव्ही झालेल्या ऱ्हिससमध्ये ती वर्षानुवर्षं खवळलेलीच राहते आणि स्वतःलाच झिजवते. विषाणूशी भांडण मिटवणं हाही प्रतिकाराचाच एक प्रकार आहे. मँगाबेचा विषाणू माणसात आला तो एचआयव्ही-२. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या चिंपांझींकडून आला.

चिंपांझी मात्र मँगाबेइतके निवांत नाहीत. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात बाधित चिंपांझींच्या मृत्यूचा धोका बाधा नसलेल्यांपेक्षा १० ते १६ पट जास्त निघाला. हे २००९ मध्ये कळलं. त्याआधी सगळे त्यांना सुरक्षित समजत होते. त्यांच्या एमएचसीत एक जुना व्रणही दिसतो. एरवी चिंपांझींत जनुकीय विविधता माणसापेक्षा जास्त, पण एमएचसीच्या पहिल्या वर्गात ती आपल्यापेक्षा कमी. नेदरलँड्समधल्या राइसवाइकच्या प्राइमेट संशोधन केंद्रातल्या गटाने २००२ मध्ये सुचवलं की फार पूर्वी एसआयव्हीसारख्या एखाद्या साथीने बरीच रूपं पुसून टाकली असावीत. त्याच गटाने पुढे दाखवलं की चिंपांझींत उरलेली रूपं विषाणूचे जे भाग पकडतात, जवळपास तेच भाग माणसातली बी२७ आणि बी५७ पकडतात.

या संशोधनात भारतातली माकडं कुठे आहेत?

पायाशी. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून ४०९ ऱ्हिसस माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. नंतर औषधं आणि लशींसाठी भारतातून हजारोंनी माकडं बाहेर गेली, ती १९७८ मध्ये सरकारने निर्यात बंद करेपर्यंत. आजही अमेरिकेतल्या केंद्रांत ‘भारतीय वंशाचं’ आणि ‘चिनी वंशाचं’ ऱ्हिसस वेगळं मोजतात, कारण त्यांच्या एमएचसीत फरक आहे आणि एसआयव्हीचा आजार भारतीय वंशाच्या माकडात लवकर वाढतो. एड्सवरच्या लशींची सुरुवातीची बरीच मोजमापं ऱ्हिससच्या एमएचसीच्या एकाच रूपाच्या, मामू-ए*०१ च्या, आधाराने झाली, आणि ते भारतीय वंशाच्या माकडांत सहज सापडत असे. माझी कुरकुर एवढीच की एका रूपावरून काढलेले निष्कर्ष सगळ्या माकडांना, आणि मग माणसांना, लावण्याची घाई तेव्हा झाली.

याच्या अगदी उलट मॉरिशस. गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे आपल्याला ते बेट ठाऊक आहे. तिथली लांब शेपटीची मकाक माकडंही अशीच बाहेरून आलेली, काही शतकांपूर्वी खलाशांच्या गलबतांतून. मूळ जोड्या थोड्याच. त्यामुळे त्या साऱ्या माकडांत एमएचसीचे मुख्य गठ्ठे उरले अवघे सात, एम१ ते एम७. संशोधकाला सोन्याची खाण, कारण दोन माकडं अगदी सारखी निवडता येतात. माकडांच्या दृष्टीने बघितलं तर पाचोळ्यावर बांधलेलं घर.

कोविडच्या वेळी निअँडरथलचं जनुक भारतीयांना महागात पडलं म्हणे?

अर्धं खरं. तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार अक्षरांचा एक पट्टा निअँडरथलांकडून, म्हणजे नामशेष झालेल्या आपल्या भाऊबंदांकडून, आलेला आहे, आणि तो असणाऱ्यांत कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, असं ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवलं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात १६ टक्क्यांकडे. पण आपल्याकडच्या मृत्यूंचं खापर या पट्ट्यावर फोडणं चूक. वय, मधुमेह, ऑक्सिजन आणि खाट मिळाली की नाही, यांचा वाटा बघावाच लागतो.

पुढची गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवलं की हाच पट्टा असणाऱ्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्के कमी आहे. शेजारच्या सीसीआर-५ या जनुकाची, म्हणजे एचआयव्ही ज्या दारातून शिरतो त्या दाराची, पातळी तो कमी करतो. आणि बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथलांकडूनच आलेला दुसरा तुकडा गंभीर कोविडपासून वाचवतो. बी२७ सारखंच झालं की हे.

पत्रिकेसारखं एचएलए जुळवून लग्न करावं का?

नको. ही कल्पना १९९५ मधल्या एका स्विस प्रयोगातून पसरली. मुलींना मुलांचे घामट टी-शर्ट हुंगायला दिले, तर त्यांना स्वतःपेक्षा वेगळं एचएलए असलेल्यांचा वास जास्त आवडला. नंतरच्या अभ्यासांत कधी हे दिसलं, कधी नाही. गॅबनमधल्या मँड्रिल माकडांमध्ये मात्र मादीला वेगळ्या एमएचसीच्या नराकडून पिल्लं होण्याकडे कल दिसलाय. मँड्रिलला विचारा, मला विचारू नका. आणि छत्तीस गुण जुळले म्हणून आनंदणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की इथे न जुळण्याला जास्त गुण आहेत.

दोडामार्गच्या माकडतापाचा याच्याशी काही संबंध?

आजार माकडांमुळे ‘तयार’ होत नाही, तो गोचिडींतून येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्यामागचा विषाणू शोधला. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. माकड आणि वानर दोघंही त्याने मरतात. म्हणून काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

माणूस सगळ्यांत पुढारलेला, मग त्याची प्रतिकारशक्ती सगळ्यांत चांगली असायला नको?

उत्क्रांतीत पुढचा-मागचा बाक नसतो. आपण तर काही गोष्टी चक्क गमावल्यात. सीएमएएच हे जनुक आपल्यात २० ते ३० लाख वर्षांपूर्वी बंद पडलं. त्यामुळे इतर एपच्या पेशींवर असणारी एक साखर आपल्या पेशींवर नाही. मटण खाताना ती पोटात जाते, तेव्हा शरीर तिला परकी समजतं. ही साखर गेल्यामुळे तिला धरून शिरणारे जुने रोगजंतू फसले असावेत, असं मानतात. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांतही हेच जनुक स्वतंत्रपणे बंद पडलंय. तोडणं हाही कधीकधी उपाय असतो.

मामू, पत्र, गोगो, पोपी ही कसली नावं?

प्रत्येक जातीच्या एमएचसीला दिलेली. नियम साधा आहे. शास्त्रीय नावातल्या दोन्ही शब्दांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं. मकाका मुलाटा म्हणजे ऱ्हिसस, म्हणून मामू. पॅन ट्रोग्लोडायटिस म्हणजे चिंपांझी, म्हणून पत्र. गोरिला गोरिलाचं गोगो, पोंगो पिग्मेअसचं, म्हणजे ओरांगउटानचं, पोपी. आपलं देवळाबाहेरचं माकड मकाका रेडिआटा, म्हणून नियमाने त्याचं होतं मारा. आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई फ्रीजवरची ‘मामू’ची चिठ्ठी वाचून विचारायचा, “ताई, यांचे मामू किती दिवस इथेच राहणार?”